तोंडात घोट धरून घेतलेली होडी

ती. आत्यास,

कागदावर जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार, उरलेला भेटीत. तुझी टाच आता कशी आहे? आतोबांचा खोकला अजून रेडिओच्या वर ऐकू येतो का? मी मजेत आहे. खरं तर मजेत हा शब्द अपुरा पडतो, कारण परवा सकाळी होडीच्या कारखान्याच्या दारात मी पाण्याचा एक घोट घेतला आणि तो गिळला नाही, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. सगळं पहिल्यापासूनच सांगतो. बाबा फोनवर चार शब्दांत सांगतील, आणि त्या चारांतले तीन चुकीचे असतील.

आपली जुनी होडी तुला माहीत आहे. हल्ली तिच्यात उतारू कमी आणि पाणी जास्त अशी अवस्था झाली होती. (गेल्या आठवड्यात पोस्टमास्तर पलीकडे उतरले ते बूट हातात घेऊन, आणि म्हणाले, "भाडं अर्धंच देतो, अर्ध्या वाटेनंतर मी पाण्यातूनच आलोय.") तेव्हा नवी होडी घ्यायचं ठरलं. पण बाबांना भाव करता येत नाही. दुकानदाराने किंमत सांगितली की त्यांना दुकानदाराचीच दया येते. म्हणून तुझ्या या धाकट्या भावाने मला समोर बसवून अट घातली: सव्वातीन लाखांपर्यंत होडी आणलीस तर ती तू चालव, मी धक्क्यावर बसून भाडं घेईन. नाही जमलं, तर मुकाट्याने शहरात जाऊन कॉलेज पुरं कर.

मी कॉलेज का सोडलं याबद्दल घरात जितकी माणसं तितक्या हकिकती आहेत. खरी अशी, की एका प्राध्यापकांनी मला "खाली बसा" असं ज्या सुरात म्हटलं तो सूर मला पटला नाही, आणि मी जो बसलो तो थेट घरी येऊन बसलो. पण आता परत न जाण्याचं कारण निराळं आहे. ते पलीकडच्या काठावर औषधांच्या दुकानात बसतं. (तिच्या दुकानातून मी डोकेदुखीच्या इतक्या गोळ्या आणल्यात की घरात कोणाचं तरी डोकं दुखावं म्हणून मी वाट बघत असतो.) होडी मिळाली तर रोज पलीकडे, नाही मिळाली तर शहर. माझं काय पणाला लागलं होतं ते तुला कळलं असेलच.

पहिल्या फेरीत मी साफ हरलो. कारखान्याचे मालक खुर्चीत रेलून म्हणाले, "चार लाख. तेही तुमच्यासाठी म्हणून." त्यावर मी जे बोललो ते वडिलांच्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. सुतार हातातले रंधे ठेवून ऐकायला आले. मालकांनी मात्र नुसता दाराकडे हात केला. किंमत जागची हलली नाही.

औषधांच्या दुकानात जाऊन तिला हे सांगितलं तेव्हा वाटलं, ती मालकांना दोन शिव्या हासडेल. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नको असलेल्या वस्तूचा एवढा राग कोणाला येतो? होडी तुला हवीच आहे हे तू त्यांना ओरडून सांगून आलास." मग पाण्याची बाटली पुढे सरकवली. उद्या दारातच तोंडभर पाणी घ्यायचं आणि भाव मनासारखा झाल्याशिवाय गिळायचं नाही. "आणि ओरडलास तर यापुढे गोळ्या न्यायला वडिलांना पाठव."

आत्या, तोंडात पाणी धरून खुर्चीत बसणं दिसतं तितकं सोपं नाही. मालक म्हणाले, चार. मी बघत राहिलो. मालक म्हणाले, बरं, तीन ऐंशी. मी बघतच राहिलो. चहा आला, मी हातानेच नको म्हटलं, आणि मालकांचा चेहरा उतरला. (दुसऱ्या कारखान्यात चहा पिऊन आलेलं गिऱ्हाईक त्यांना नेमकं ओळखता येतं म्हणे.) तीन साठ झाले. मग ते म्हणाले, "तुमचे वडील किती सज्जन! त्यांनी काही न बोलता चार दिले असते." बाबांच्या गरीब स्वभावावर बोललेलं मला खपत नाही. घोट नाकापर्यंत चढला, गाल फुगले, डोळे भरून आले. मालक दचकून म्हणाले, "अहो, रडताय काय? तीन चाळीस घ्या!" मग त्यांनी हिशेब बघणाऱ्या आपल्या बायकोला हाक मारली. "अगं, हे कालचेच ना? काल केवढे बोलत होते!" त्या बाईंनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काल बोलत होते तेव्हा घेणार होते."

यानंतर मालक एकामागून एक काहीबाही विचारत सुटले. हे असंच ठेवू? ते काढू? त्याशिवाय चालेल? मी भारदस्तपणे मान हलवत होतो. तीन पंचवीसला अट पुरी झाली. मी घोट गिळायला गेलो, तर तो घशात अडकला, म्हणून जोरात मान झटकली. मालकांना तो नकार वाटला. "तीन दहा! याच्या खाली मी माझ्या मेव्हण्यालाही देणार नाही!" घोट उतरला. मी "चालेल" म्हणालो. सबंध व्यवहारात माझा हा एकच शब्द. सही झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सोमवारी आमच्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे येता का आमच्याबरोबर? नुसतं बसायचं." आता बोल! प्राध्यापकांना कळवायला हरकत नाही, की ज्याला ते बसवू शकले नाहीत त्याला नुसतं बसायला लोक बोलावतात.

काल दुसऱ्या होडीला बांधून आपली होडी आणली. बाबांनी तिच्या कडेवरून दोनदा हात फिरवला आणि मला "शाबास" म्हणाले. हा शब्द त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं.

तुझा विजयी
भाचा

ता. क. : होडी देखणी आहे. मागे जिथे इंजिन असायचं, तिथे सध्या सुरेख पांढरा रंग आहे. "त्याशिवाय चालेल?" हे इंजिनाबद्दल होतं, असं सही केलेल्या कागदावरून समजलं. आतोबांच्या पडवीत गोणपाटाखाली एक इंजिन नुसतंच पडून आहे. ते लवकर पाठव, आणि बाबांना म्हण, भाच्याच्या पराक्रमाबद्दल बक्षीस. तोवर मी मागच्या बाजूला ताडपत्री बांधून ठेवली आहे.

ता. क. २ : इंजिनाबरोबर तूही ये. खरं तर तूच आधी ये. तिच्या थोरल्या भावाने मला रविवारी घरी बोलावलंय, आणि तिथे तोंड उघडावंच लागणार. मी उघडलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू बोल, मी शेजारी शोभेसारखा बसेन.

ता. क. ३ : बाबा धक्क्यावरून परत येताहेत. चपला नेहमीपेक्षा जोरात वाजताहेत आणि हातात ताडपत्री आहे. असू दे. इंजिन नाही, पण वल्ही दोन आहेत, दंडही दोन आहेत, आणि तिचं दुकान अजून उघडं आहे. पत्र वाटेत पेटीत टाकतो. मागच्या दाराने निघालो. दार ओढून घेतो.