माशांच्या पाण्याचा अभ्यास

१२ एप्रिल, शनिवार
सक्करदऱ्याहून काचेची टाकी आणली. लेकीला, सोनिकाला तिच्या मैत्रिणीने पाच गप्पी मासे दिले आहेत, सध्या बादलीत आहेत. आत्ताच टाकीत सोडू म्हणून मागे लागली. समजावलं, आधी पाणी, मग मासे. लोक उलटं करतात आणि मग रडतात. आपण तसले नाही, बारावीला सायन्स होतं. शुद्ध आणि स्वस्त पाणी शोधायचं. दोन दिवसांचं काम.

१४ एप्रिल
नळाचं पाणी बाद. क्लोरीन. बोअरचं त्याहून बाद. हुडकेश्वरच्या या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होते, तिथे माशाचं काय? पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर मागवला. बायकोने, दामिनीने किंमत विचारली. म्हटलं, नॉलेजची किंमत नसते. म्हणजे जास्तच दिले, असं म्हणून ती आत गेली.

१८ एप्रिल
मीटर आला. नळ, बोअर, घरचं आरओ, सगळं मोजलं. उत्साहात वरणही मोजलं. बाबा जेवायला बसले होते. "काहून गा, डाळीले ताप आला का?" असं विचारलं त्यांनी. जुन्या पिढीला डेटाची कदर नाही.
निर्णय: आरओ. फायनल.

२१ एप्रिल
आरओ कॅन्सल. त्यात क्षार फारच कमी, मासे सुस्त होतात म्हणे. हा व्हिडिओ आधी दिसायला हवा होता. टाकी अर्धी भरेपर्यंत आरओने बाहेर टाकलेलं चार बादल्या पाणी मोरीत गेलं होतं. टाकी पुन्हा रिकामी केली. ऐन उन्हाळ्यात.

२६ एप्रिल
थंड पाण्याच्या कॅनवाल्याला लॅब रिपोर्ट मागितला. "एकदम चिल्ड है साहेब," एवढाच रिपोर्ट मिळाला. बाद.

२ मे, संध्याकाळ
सापडलं! लकडगंजच्या आमच्या ऑफिसात एसीच्या नळीखाली बादली लावली. डिस्टिल्ड वॉटर, तेही फुकट! असा विचार नागपुरात दुसऱ्या कोणी केला नसणार. कॅन स्कूटरवर पायांत ठेवून आणला. झाकण ढिलं निघालं. सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरच्या बाईंनी माझी पँट पाहून तोंड फिरवलं. संशोधकाला हे सोसावंच लागतं.

९ मे
यातही क्षार नाहीत, हे आधीच ओळखलं होतं (काल). म्हणून एसीचं जास्त, बोअरचं थोडं. मीटरवर आकडा तंतोतंत जमला. टाकी काठोकाठ भरली. आता पाणी मुरू द्यायचं. सोनिकाला शब्द दिला, २७ तारखेला वाढदिवसाला मासे टाकीत. शब्द म्हणजे शब्द.

१७ मे
घरात भयंकर प्रकार. दामिनीने मासे कूलरच्या टाकीत टाकले! "बादली मले कपड्याले पायजे होती. अन् तिथं पाणी फिरून राहिलं, मस्त खेळून राहिले ते," हे तिचं स्पष्टीकरण. गंजका पत्रा, नळाचं पाणी! मी ओरडलो, उद्यापर्यंत सगळे मरतील. सोनिका रडायला लागली. तिच्यासमोर बोलायला नको होतं. पण सायन्स आहे.

१८ मे
मेले नाहीत. मरतील.

२२ मे
सोनिका रोज सकाळी विचारायची, पप्पा, आज का? चार दिवसांपासून विचारत नाही. शाळेला सुट्टी, दिवसभर कूलरजवळ बसून असते. मी होऊन सांगितलं, मंगळवारी नक्की. "होऊ द्या तुमचं पाणी," एवढंच म्हणाली. लागलं मनाला.

२४ मे
टाकीत प्लास्टिकची झाडं ठेवली, मागे निळा कागद लावला. दृष्ट लागेल अशी दिसते. आणि आज पाण्यात बारीक काहीतरी वळवळताना दिसलं! पाणी जिवंत झालं. सूक्ष्म जीवसृष्टी! दामिनीला बोलावून दाखवलं. ती माझ्याकडेच बघत राहिली. कौतुक असावं.

२७ मे, मंगळवार
सकाळी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाच्या दोन बाई आल्या, घरोघरचे कूलर तपासत. मी आधीच माफी मागून ठेवली, म्हटलं घरात माझं कोणी ऐकत नाही. त्यांनी कूलरमध्ये टॉर्च मारला. पाचही मासे धडधाकट. सोबत बोटाच्या नखाएवढी पिल्लं, मोजता येईनात इतकी. बाई एकदम खूश. दामिनीचा आणि सोनिकाचा कूलरसोबत फोटो काढला.

मग टॉर्च माझ्या टाकीवर आला.

डासांच्या अळ्या. अख्ख्या टाकीत. त्यांच्यासमोर सगळं पाणी अंगणात ओतायला लावलं, मी स्वतः मगने उपसलं. बाबा खुर्ची आणून बघत बसले. सोनिकाच्या मैत्रिणी आल्या तशा सरळ कूलरकडे गेल्या, पिल्लांची नावं ठरवणं चालू होतं.

जाताना बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, पाणी भरून ठेवायचंच असन तं त्यात दोन-चार मासे सोडत जा."

दुपारी सोनिकाकडे दोन मासे मागितले.
बघू म्हणाली.