कर्नल ट्रॅस्क म्हणजे मी

४ मार्च १९३८
मगर! थेट नाटकाच्या थिएटरात मगर! चित्रकार हेन्ड्रिक्स मुखपृष्ठ रंगवून मोकळा झालाय — हिरव्या झग्यातली बाई झुंबराला लोंबकळतेय आणि खाली मगर आ वासून बसलीय. आमच्याकडे हे असंच. आधी चित्र, मग त्याला गोष्ट. म्हणजे वरात आधी आणि लग्न नंतर! "मगर तेवढी काढा की," म्हटलं, तर संपादक गॉर्डिनसाहेब म्हणाले, "मगरीवर तर अंक खपायचा. तू तिला आत कशी आणायची ते बघ."

६ मार्च
ब्रुकलिनला पापांच्या सलूनमध्ये गेले होते. बाकावर आमचंच मासिक, 'आयर्न लँटर्न'. गोष्ट माझी, वर नाव कर्नल ट्रॅस्क. असा कुणी कर्नल नाहीच! ते कंपनीचं ठेवणीतलं नाव आहे आणि सहा वर्षं त्या नावानं मी लिहितेय. पापांना शंभरदा सांगून झालं. तरी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून सांगतात, "आमची मिना त्या कर्नलकडे टायपिस्ट आहे बरं का!"

गिऱ्हाईक होता मासळीवाला कार्माइन. तो म्हणतो, "मग त्याला विचार ना गं, पुढचा खून कुणाचा?"

तुझा, म्हणणार होते. न जेवता परत आले. मूर्खपणा केला, पापांनी मीटबॉल केले होते.

९ मार्च
मगर सर्कशीतून पळालेली आहे. जमलं एकदाचं.

१० मार्च
गॉर्डिनसाहेब डोकं धरून बसले होते. कर्नलची एक गोष्ट या अंकात आधीच लागलीय, आणि एका अंकात एक नाव दोनदा चालत नाही. "वाचकाला वाटेल, यांच्याकडे लेखकांचा दुष्काळ पडलाय! मगरीला दुसरं नाव दे काहीतरी."

"माझं द्या."

"बाईचं? मारामारीच्या गोष्टीला?"

"मारामारी बाईनंच लिहिलीय ना!"

छापखान्यातून फोनवर फोन. शेवटी ओरडले, "टाका! टाका तिचं!"

फिलोमिना स्कारपाती. अख्खं, मुखपृष्ठावर. जिन्यात बसून रडले. हसतही होते.

२ एप्रिल
अंक पापांच्या हातात दिला. चष्मा लावून किती तरी वेळ बघत राहिले. "नाव तर आपलंच आहे... मदत कुणी केली?"

"कुणीही नाही, पापा!"

"मग ही मगर तुला सुचली?"

आता काय सांगू! म्हटलं, मगर चित्रकाराला सुचली.

"तरीच," म्हणाले, आणि वस्तरा परजायला लागले. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

२० एप्रिल
वाचकांना मगर भलतीच आवडलीय. गॉर्डिनसाहेब खुशीत — "पुढच्या अंकातही तुझं नाव!" आता बघते, पापा काय म्हणतात ते!

२८ एप्रिल
चित्राची वाट बघून कंटाळले. शेवटी आत जाऊन विचारलं, माझं मुखपृष्ठ कुठाय?

"ते होय? ऑस्करनं गोष्ट दिलीसुद्धा लिहून." ऑस्कर पील — गुराख्यांच्या गोष्टी पाडणारा!

"पण नाव माझं जाणार होतं!"

"जातंय की."

म्हणजे गोष्ट ऑस्करची आणि वर नाव माझं! म्हटलं, साहेब, ते माझं नाव आहे, माझ्या बापाचं आहे!

"या इमारतीत छापलं गेलं की नाव इमारतीचं, फिली. खपतंय ते. कर्नलनं कधी तक्रार केलीय? जा, त्याची गोष्ट आटप."

दार आपटून आले. काच फुटली असती तर बरं झालं असतं.

१४ मे
पापांनी नवा अंक स्वतः विकत घेतला. सगळ्या सलूनला मोठ्यानं वाचून दाखवला. कार्माइन अर्ध्या दाढीनिशी ऐकत होता. वाचून झाल्यावर पापांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "मगरीच्या वेळी माझा विश्वास बसला नव्हता, पोरी. पण ही तुझीच. ओळीओळीत तुझा आवाज ऐकू येतो."

मी हो म्हणाले.