मामांचा डबा, हुबेहूब

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला घातला असं समजावं).

तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत, मी सोडून. आणि मामा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण याला कारण तुम्ही!

आमच्या छोट्या आगगाड्यांच्या मंडळाचं (बायको 'खेळणी' म्हणते, आम्ही 'प्रतिकृती') रविवारी प्रदर्शन आहे. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी यंदा फर्मान काढलं की ज्याच्या गाडीला खऱ्या डब्यावरून हुबेहूब केलेला एक तरी डबा नसेल, त्याची गाडी टेबलावर चढणार नाही. माझी गेल्या वर्षीही चढली नव्हती. या वेळीही तसंच झालं तर रूळ, बोगदा, स्टेशन सगळं माळ्यावर आणि मागच्या खोलीत शिलाई मशीन, असं बायकोने जाहीर करून टाकलंय.

म्हटलं, घरचाच गार्ड असताना घाबरायचं कशाला? अख्खी नोकरी मालगाडीच्या शेपटाला, गार्डच्या डब्यात काढलेला सख्खा मामा! बाजारातून बोटभर लांबीचा गार्डचा डबा आणला आणि तुम्हाला फोन लावला, की मामा, तुमचा डबा कसा होता, अगदी बारीकसारीक सांगा. तुम्ही लगेच सुरू झालात. पिवळा होता म्हणालात. झाकणाला डावीकडे पोचा, वर पितळी कडी. (छताला रेल्वेत झाकण म्हणत असतील, मला काय माहीत?) खिडक्यांचं विचारलं तर माझ्यावरच उखडलात, खिडक्या कशाला, वारं लागून आतलं खराब नाही का होणार? मी निमूटपणे सगळ्या खिडक्या बुजवल्या. आत तीन कप्पे, त्यातला मधला गळका. तोही इमानेइतबारे गळका केला. रोज फडक्यात गुंडाळायचो म्हणालात तेव्हा जरा चमकलो, पण म्हटलं, धूळ बसत असेल. मामी तो रोज रात्री घासायच्या हे ऐकून मात्र हात जोडले. एवढा मोठा डबा, एकट्या बाईने! छताला पोचा पाडायला प्लास्टिक मेणबत्तीवर धरलं. पोचा झकास पडला, अंगठाही झकास भाजला.

काल आईला दाखवायला तिच्या खोलीत नेला. तिने चष्मा लावला, डबा उलटासुलटा केला आणि ओरडलीच, "अगंबाई, दादाचा जेवणाचा डबा! अगदी कडीसकट!"

बायको हसत हसत बाहेर गेली ती मशीनसाठी खोलीचं माप घ्यायला टेप घेऊनच परत आली. मामा, जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला 'डबा' म्हटल्यावर आधी जेवण आठवावं? निदान मी खिडक्या विचारल्या तेव्हा तरी शंका यायला नको होती? (मला यायला हवी होती असं बायकोचं मत आहे. तिचं मत कुणी विचारलेलं नाही.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाजका भाचा

ता. क. रविवारी तो जेवणाचा डबा घेऊन याच. नियमात नुसतं 'खऱ्या डब्यावरून' असं आहे, कसला डबा ते हेडमास्तरांनी लिहिलेलं नाही. त्यांनी विचारलं तर छातीठोकपणे सांगा, हा माझाच डबा. यात खोटं काय आहे?

आणखी एक ता. क. घोटाळा झालाय. आईने माझा डबा उशाशी ठेवलाय आणि गळक्या कप्प्यात रक्तदाबाच्या गोळ्या भरल्यात. मागितला तर म्हणते, दादा स्वतः न्यायला आला तरच देईन. भाच्याशी तासभर गप्पा आणि बहिणीला साधा फोन नाही, असं म्हणून डोळे पुसत बसली आहे. तेव्हा मामा, एक वेळ तुमचा डबा घरी राहिला तरी चालेल, पण तुम्ही या. आणि आल्याआल्या माझ्या गाडीकडे बघू नका, आधी तिच्यापाशी बसा.