काळी चारचा हट्ट

सांगली,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. पुष्कर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. हळदीचे सौदे सुरू झालेत, त्यामुळे पेठेत गेलं की नाक चुरचुरतं. स्वानंदीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, नवऱ्याच्या तबल्याच्या क्लासात चहाचे ट्रे वर नेणं बंद कर. चहा पिऊन आजवर कोणी तबलजी झालेला नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

साताऱ्याच्या कार्यक्रमातलं तुझं भाषण अजून माझ्या डोक्यात भणभणतंय. आधी वाद्य लावावं, मग तोंड उघडावं, असं अण्णा आपल्या दोघांनाही शिकवताना सांगत. तू उलट केलंस. ‘चामड्याच्या वाद्यांत नेमका सूर तबल्यालाच, कारण त्याच्या पुडीवर शाईचा काळा गोल असतो. ढोलकीला अंदाजे. हलगीला सूर नाही, नुसता आवाज.’ वा! ढोलकीला शाई नसते वाटतं? एकदा तमाशाच्या एखाद्या फडावर जाऊन हे बोल. ढोलकीवाला तुला सुरात बडवून काढेल. आणि हलगीबद्दल कोणासमोर बोललास, तर ज्यांचा हलगीसाठीच सत्कार होता त्या रहिमतपूरच्या तात्याबांसमोर. शाल सावरत ते बापडे “व्हय, व्हय” करत होते. तुझ्या विद्वत्तेला मान डोलावणारं तेवढंच एक माणूस होतं सभागृहात.

म्हणून गाणं सुरू करण्याआधी मी माईकवरून म्हटलं, “मास्तर, नेमका सूर लागतो ना? मग लावा काळी चार!”

लोक हसले. हसणारच.

तू आणलेला तबला रुंद तोंडाचा होता. तो पांढरी चारला गोड बोलतो, फार तर थोडा वर चढतो. काळी चार, म्हणजे मी आयुष्यभर जिच्यात गायले ती उंच पट्टी, त्याच्या आवाक्यातली नव्हे. हे तुला ठाऊक होतं. मलाही तबला पाहताक्षणी कळलं होतं. तरी मी “अजून वर, अजून वर” म्हणत राहिले आणि तू मुकाट्याने हातोडी मारत राहिलास. नंदीबैल! शेवटी फाटकन पुडी फाटली. तात्याबांनी खुर्चीतून ओरडून सांगितलं, “आवं गुरुजी, ताणताय कशाला? खाली जाळ करा की जरा, आपसूक चढंल!” हलगी शेकून चढवणाऱ्या माणसाने सल्ला दिला आणि सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

तू उभा राहून म्हणालास, “चूक माझी. घाईत दुसराच तबला उचलला.” आणि मागच्या दाराने निघून गेलास. नारळसुद्धा घेतला नाहीस.

घाईत! तबल्यात आयुष्य घातलेला माणूस तबला चुकतो? खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं.

असो. रविवारी अण्णांच्या पुण्यतिथीचं गाणं आहे. मंडळवाले रोज विचारतात, “साथीला कोण?” त्यांनीच इस्लामपूरचा कोणी यशराज पाठवला. तो कानाने तबला लावत नाही, मोबाईलवर सूर मोजायचं ॲप लावून समोर ठेवतो. सुई हिरवी झाली की सूर लागला. आणि लागला हं, अगदी काळी चार, केसाचा फरक नाही. तेव्हा तबल्याला नेमका सूर लागतो हा तुझा सिद्धान्त खरा. अभिनंदन. पुढच्या भाषणात छाती फुगवून सांग.

मग मी गायला बसले.

वरच्या षड्जावर तो थांबला. “मॅडम, तबला परत बघू का?” म्हटलं, बघ. सुई हिरवी. मी पुन्हा गायले, त्याने पुन्हा पाहिलं, सुई पुन्हा हिरवी. शेवटी मान खाली घालून म्हणतो, “मॅडम, ॲपच बिघडलं असंल.”

तोही तुझ्याच माळेतला मणी. दिला घालवून.

संक्रांतीला तू आला होतास. स्वयंपाकघरात गुळपोळी खात बसला होतास आणि आत माझा रियाज चालला होता. मी बाहेर आले तेव्हा पोळी तशीच ताटात होती, आणि तू साताऱ्याची गाडी किती वाजता आहे असं विचारत होतास. तेव्हाच तू ऐकलंस. देवाने तोंड दिलंय तुला, नको तिथे ते चालतंही. ‘ताई, आवाज उतरलाय, पट्टी खाली घे,’ एवढं म्हणायला काय झालं होतं? पण नाही. तू ते तबल्याकडून सांगवलंस, तेही भर सभेत. असल्या भित्रेपणाला लोक माया म्हणतात. मी म्हणत नाही.

तेव्हा माफीबिफीची वाट पाहू नकोस.

नवी पुडी चढवून घेतली असशील, तर रविवारी तोच तबला घेऊन ये. सकाळी लवकर ये. घरीच लावून ठेव, लोकांसमोर ठोकाठोकी नको. भाषण करायचं नाही. लोकांना पट्टी का बदलली ते सांगायचं असेल, तर मी सांगेन.

पांढरी चार.

आणि ऐन वेळी मी “अजून वर” म्हटलं, तर लावू नकोस.

तुझी,
ताई