पोरांनी केलेले बावीस आकाशकंदील

६ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी, कारण दिवाळीचा कला-प्रकल्प सुरू. सोळा तारखेला, सुट्टीच्या आदल्या दिवशी, केंद्रप्रमुख साहेब येणार आणि एका लेकराचा आकाशकंदील तालुक्याच्या प्रदर्शनाला निवडणार. आमच्या तांड्यावरच्या शाळेचा आजवर एकही नंबर नाही. यंदा बघाच म्हणावं. पोरं बावीस, कंदील बावीस.
संकल्प : पोरांच्या कामाला हात लावायचा नाही. ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं होतं. मागच्या बाकावर होतो, पण ऐकलं.

८ ऑक्टोबर
वारंगा फाट्यावरून कामट्या, दोरा, पांढरा कागद आणला. रंग नाही आणला. हळदीच्या हिंगोलीचा माणूस आणि पिवळा रंग विकत घेणार? कागद हळदीच्या पाण्यात बुडवला. नॅचरल कलर!
तिसरीतल्या पुजाची कात्री फारच वाकडी चालते. एकच कड सरळ करून दिली. याला हात लावणं म्हणत नाहीत.

९ ऑक्टोबर
बाकीचे म्हणाले, आमचं काहून न्हाई? अन्याय नको म्हणून सगळ्यांच्या कडा केल्या. बोटं आखडली आहेत. उद्यापासून संकल्प कडक.

११ ऑक्टोबर, शनिवार
कंदील घरी आणले. फक्त फायनल टच. सरलानं विचारलं, तुमी हे करून राहिले, तर पोरं काय करून राहिली? म्हटलं, निरीक्षण. बायकोला शिक्षणशास्त्र समजावणं अवघड.
रात्रीपर्यंत एकवीस झाले. पुजाचा मात्र सुधारण्यापलीकडचा. चांदणीला पाच टोकं असतात, हिनं सहा काढलेली, त्यातलं एक भलतीकडंच. उकलला. कागद इतरांना ठिगळं लावायला कामी आला. तिला नवा, झकास करून दिला. लेकरू खूश होईल.

१३ ऑक्टोबर
खूश दिसली नाही. माझा कुठंय म्हणून विचारत होती. हाच तुझा, म्हटलं, नाव बघ. नाव मीच टाकलं होतं, सुरेख अक्षरात.

१४ ऑक्टोबर, दुपारी १
काहीतरी कमी वाटतंय. बसवत नाही. पांढरी किनार! शाळा रंगवताना उरलेला चुना आहेच. बावीस कंदिलांना पट्टे मारले.

दुपारी १.२०
पट्टे लाल. भडक लाल. खिचडी शिजवणारी पारुबाई, म्हणजे पुजाची आजी, पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, हळदीला चुना लावला की लाल होतंय, सर, कुंकवावानी. ठाव न्हाई व्हय? ठाव होतं. प्रयोग करून बघत होतो. तसं पोरांनाही सांगितलं.

१६ ऑक्टोबर
साहेब आले. वा वा म्हणाले. लाल पट्टे तर फारच आवडले. मी म्हटलं, कलेला विज्ञानाची जोड. नंबर खिशात.
मग त्यांनी पुजासमोर कागद-कात्री ठेवली. एक करून दाखव म्हणाले. तिनं हाताची घडी घातली. तिचं बघून सगळ्यांनी घातली. साहेबांनी विचारलं, का गं?
"आमचा हात लागला की खराब होतंय. सर करत्यात."
साहेब मला म्हणाले, प्रदर्शनात शिक्षक गट नाही हो. आणि गेले.
फार लाज वाटली. नंबर गेला त्याची नाही. तिनं ते अगदी सहज सांगितलं, त्याची.

१७ ऑक्टोबर
सुट्टी. घरात चैन पडेना. बाविसांतला सगळ्यात देखणा कंदील घेऊन तांड्यावर गेलो. पुजानं घेतला नाही.
"हा तुमचा हाय, सर. माझ्याला सहा टोकं होती. घरात आमी सहा जण हाव."
तिचा मी उकलला, हे सांगावं लागलं. माझ्या पिशवीतला कागद आणि कात्री घेऊन ती ओट्यावर बसली. दोनदा माझा हात पुढं गेला, दोनदा तिनं बाजूला सारला.
झाला. सहा टोकं. वाकडा आहे. दारात टांगल्यावर तर जास्तच वाकडा दिसतो. एकच टोक जरा छाटलं असतं तर... कात्री उचलली तेवढ्यात पारुबाईनं ती माझ्या हातातून काढून कमरेला खोचली. शाळा उघडल्यावर मिळेल म्हणाली.