डाव्या हाताचा उंट

तीर्थस्वरूप छायाताईच्या चरणी मुरलीधरचा दुबईहून साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या सातांचा गोड मानून घे.) भाऊजींची साखर आटोक्यात असेल आणि ते चोरून पेढेही खात असतील, दोन्ही एकदम कसं जमवतात ते त्यांनाच ठाऊक. मिरजेत पाणी एक दिवसाआड येतं की दोन, तेही कळव. इथे नळाला चोवीस तास पाणी असतं, फक्त उन्हाळ्यात ते आपलं आपणच उकळून येतं.

ईशानीचा तो अबुधाबीचा मोठा कार्यक्रम कसा झाला, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. रेंज होती. धैर्य नव्हतं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

आमच्या 'रेघोटी' नावाच्या घरगुती कंपनीची रचना तुला माहीत आहे. ईशानी चित्रं काढते. आम्ही ती कप, पिशव्या आणि उशांच्या अभ्र्यांवर छापून विकतो. अर्चना मॅनेजिंग डायरेक्टर. अंशकडे मार्केटिंग (तो कॉलेजात तेच शिकतो, त्यामुळे त्याला सगळं येतं). मी दिवसभर जबल अली बंदरात कंटेनरचे कागद रंगवून आल्यावर पॅकिंग करतो. पाठशाळेत सात वर्षं घासलेलं संस्कृत अखेर खोक्यांना चिकटपट्टी लावताना पुटपुटायला उपयोगी पडलं. कप ड्रॅगन मार्टमधून घाऊक आणायचे आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या यंत्रात त्यांवर चित्र भाजायचं. दोन्ही एकदम लावलं की घरातली वीज जाते, त्यामुळे चटणी की कला हा प्रश्न आमच्याकडे रोज सकाळी अक्षरशः सोडवावा लागतो.

ईशानी तेवीसची झाली. अक्षरं अजून तिच्यापुढे जागा बदलतात, आणि आकडे तर तिच्याकडे येऊन पाणीसुद्धा न पिता निघून जातात. शाळांनी एकेक करून आम्हाला फार गोड बोलून निरोप दिला. इथलं सरकार अशा मुलांना 'दृढनिश्चयी जन' अशा अर्थाच्या नावाने संबोधतं. इतर घरांचं मला माहीत नाही. आमच्या घरी ते विशेषण कमी पडतं. चित्र ती एकाच विषयाचं काढते: कामावरून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या तऱ्हेने उघडं. एकदा मी म्हटलं, हा तिसऱ्या खिडकीतला थोडा माझ्यासारखा दिसतो. "तूच आहेस," ती म्हणाली. मी त्यानंतर आठवडाभर बसमध्ये जागा राहिलो.

तर एका बड्या फर्निचर कंपनीला आपल्या वार्षिक समारंभात वाटायला कॅलेंडरं हवी होती, अन् तीही 'अशा' कलाकाराची. ऑर्डर आमच्या आजवरच्या सगळ्या ऑर्डरींहून मोठी. ती पार पडली तर आम्ही इंटरनॅशनल सिटीच्या पर्शिया क्लस्टरमधून (इथे इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत; इंग्लंडमधून आम्ही भाड्यापायी गेल्या वर्षी पर्शियात उतरलो) एक खोली जास्त असलेल्या घरात जाणार, आणि त्या खोलीत ईशानीचं टेबल लागणार. आज ती जेवणाच्या टेबलावर काढते. बसच्या चित्रांवर आमटीचे शिंतोडे हा तिच्या शैलीचा भाग आहे असं अंश गिऱ्हाइकांना सांगतो.

कंपनीतर्फे शहरबानू मॅडम घरी आल्या. सामाजिक जबाबदारीचं खातं त्यांच्याकडे आहे, आणि ते त्यांच्या अत्तरातूनही जाणवतं. चित्रं पाहून त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. (असं आणता येतं हे मी जवळून प्रथमच पाहिलं.) मग विचारलं, "बहुत सुंदर! लेकिन ये सब सो क्यूँ रहे हैं?" ईशानीने सांगितलं, "थक गये." मॅडमना उत्तर आवडलं नाही. त्यांना उंट हवा होता, खजुराचं झाड हवं होतं, वर हसरा सूर्य. शिवाय जाताना दारात अर्चनाला हळूच म्हणाल्या, रेषा इतकी सफाईदार नको. बघणाऱ्याला वाटेल की कुणा नॉर्मल माणसानेच काढलंय. आमच्या मुलीची रेषा तिच्याच नावाला शोभत नाही, हा शोध लावायला फर्निचरवाले यावे लागले!

ईशानीला विचारलं, उंट काढशील का? "नको." का? "उंट बसने जात नाही." खलास. मग रविवारी सकाळी पोहे खाता खाता आमच्या कार्यकारिणीची सभा भरली. ईशानी समोरच बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती, पण आपण बोलतो ते तिला कुठे कळतंय, असं आम्ही तिघे (शिक्षण एकूण: पदव्या चार) धरून चाललो. उंट मी काढावा असं ठरलं. माझा पहिला उंट अर्चनाने नापास केला, म्हणे फार शहाणा दिसतो. अंश म्हणाला, "बाबा, यूज युअर लेफ्ट हँड. मोअर ऑथेंटिक." मी डावा हात लावला. जे उमटलं ते पालथ्या कढईला पाय फुटावेत तसं होतं, आणि चेहरा थेट आपल्या दिगंबरकाकांचा. खाली ईशानीचं नाव टाकलं. शहरबानू मॅडमचा उलट निरोप आला: अशी निरागसता शिकवून येत नाही. खरं आहे, मला कुणीच शिकवली नव्हती.

अबुधाबीच्या हॉटेलात तो उंट भिंतीएवढा छापून लावला होता. दिगंबरकाका हयातीत कधी इतके मोठे झाले नाहीत. टाळ्या, फुलं, प्रस्तावना. मग निवेदकाने ईशानीला मंचावर नेलं आणि ओथंबून विचारलं की हा उंट काढताना मनात काय होतं? माइक तिच्या हातात दिला.

"ये मैंने नहीं बनाया," ती म्हणाली. "बाबा ने बनाया. उल्टे हाथ से." मग वळून भिंतीकडे नीट पाहिलं. "अच्छा नहीं है. पैर देखो."

सगळ्यांनी पाय पाहिले. मागच्या दोन रांगांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या. शहरबानू मॅडमचं हसू तोंडावरच राहिलं, आतली मालकीण निघून गेली. अर्चनाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू डाव्या हाताची कल्पना सर्वस्वी त्या हाताचीच होती, आणि मी टेबलाखाली पडलेला चमचा शोधू लागलो. (पडला नव्हता. मी पाडला.)

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या, चहाला थांबलो तेव्हा अंश म्हणाला, "शी किल्ड द ब्रँड." ईशानीने भूक लागल्याचं सांगितलं आणि दोन पराठे खाल्ले. कंपनीने ऑर्डर रद्द करून, पुढच्या वर्षी इन्शाल्ला, असं कळवलं आणि छापलेली कॅलेंडरं परत पाठवली. आमचा सोफा सध्या त्यांच्याखाली आहे. ती जास्तीची खोलीही गेली.

बाकी सर्व क्षेम. अर्चनाचा नमस्कार, अंशचा हाय. भाऊजींना सांग, पेढे मोजले जात आहेत.

तुझा,
मुरलीधर

ता. क. पत्र ईशानीला वाचून दाखवलं. तिने एक दुरुस्ती सांगितली आहे, तशीच लिहितो. ती शेंगदाणे वेचत नव्हती, ऐकत होती. उंट काढशील का, हे आम्ही तिला विचारलं. पण बाबांच्या उंटाला तुझं नाव लावू का, हे कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, विचारतील. मग माइकवाल्याने विचारलं.

आणखी एक ता. क. तुझ्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेवर ईशानीच गणपती काढून देईल, असं मी तुला मागे छातीठोक सांगितलं होतं आणि तू छापखान्यात तसं कळवूनही बसलीस. तिला मी ते अजून विचारलेलं नाही. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हा कागद खर्ची घातला. तू तिला स्वतः फोन कर, मला मध्ये घेऊ नकोस, आणि नको म्हणाली तर छापखान्याला तूच सांग. काढायला हरकत नसावी असा माझा अंदाज आहे. तोही मी तिला न विचारताच बांधला आहे.