बिनमाशांची टाकी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही आता थोडे वाकत असतील अशी आशा. इकडे आम्ही सगळे मजेत. आम्ही म्हणजे मी, ही, चिमणी आणि टाकीतली मंडळी. परवा फोनवर तुला हेच सांगायला लागलो, तर "काय पाळलंयस?" असं तीनतीनदा विचारून तू फोन भाऊजींच्या हातात दिलास, आणि त्यांनी मला झोप नीट लागते का विचारलं. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो.

तर झालं असं, की चिमणीला वाढदिवसाला मासे आणायचं मी कबूल केलं आणि तिने त्याच दिवशी वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना मासे बघायला बोलावून टाकलं. (लेक कोणावर गेलीय ते तू बोलू नकोस.) टाकी आणली, वाळू धुतली, पाणी भरलं आणि ऐटीत मासे घ्यायला गेलो, तर दुकानदाराने मला हात हलवत परत धाडलं. म्हणाला, आधी जीवाणू वसवा. मासे पाण्यातच खातात आणि बाकीचंही पाण्यातच उरकतात, त्याचं विष होतं. ते विष फस्त करणारे जीवाणू गाळणीच्या स्पंजात घर करतात. ते यायच्या आत मासा सोडला, तर तो उलटा तरंगलाच समजा.

आता त्यांनी यावं म्हणून त्यांच्या पोटापाण्याची सोय बघायची, म्हणजे रिकाम्या टाकीत रोज माशांचं खाणं टाकायचं. ते कुजतं, त्याचं विष होतं आणि त्यावर ही मंडळी पोसतात. हसू नकोस, शास्त्र आहे. पण मी रोज सकाळी बिनमाशांच्या टाकीत चिमूटभर दाणे सोडून "या, जेवून घ्या" म्हणतो, तेव्हा समोरचे काका दारातूनच मागे फिरतात. एकदा धीर करून आत आले, चष्मा पुसून बराच वेळ टाकीत बघत राहिले आणि म्हणाले, मासे दिसत नाहीत. मी म्हटलं, मासे नाहीतच, जे आहेत ते दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गुपचूप माझ्या दुकानात येऊन डोळे तपासून गेले. (चष्म्याचं दुकान असल्याचा हा एक फायदा.)

एवढं करूनही मंडळी यायचं नाव घेईनात. नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, की विष असेल तर हिरवं होतं, नसेल तर पिवळं. आमचं जे हिरवं झालंय ते हिरवंच. दुकानदार म्हणतो, एव्हाना स्पंज तपकिरी, बुळबुळीत दिसायला हवा. मी रोज संध्याकाळी बघतो तर पांढराशुभ्र, वर लिंबाचा मंद वास. हिच्या घरात राहायचं म्हणून आमचे जीवाणूही टापटिपीचे झाले असावेत, असं मी मनाला समजावतो. पण वाढदिवस पुढच्या आठवड्यावर आलाय. चिमणीने दोन माशांची नावंही ठरवून ठेवलीत, आणि काल हळूच विचारत होती, "बाबा, नाहीच आले तर मैत्रिणींना काय दाखवू?" ताई, मला अगदी गलबलून आलं. मी म्हटलं, वाटेत आहेत.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, आणि झोप उत्तम लागते म्हणून कळव.

तुझा धाकटा

ता. क. आता मुद्द्याचं. भाऊजींच्या टाकीतला तो स्पंज, ज्याच्यावरून तू त्यांना इतकी वर्षं फाडून खातेस, तो घेऊन दोन दिवस आधीच ये. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, ओलाच आण. जुना घाणेरडा स्पंज मिळाला, तर मंडळी मांडलेल्या संसारासकट येतात म्हणे. फक्त तो धुऊ नकोस. तुझ्या पाया पडतो, धुऊ नकोस.

ता. क. आणखी एक. पत्र पाकिटात घालायला हिच्याकडे देतोय.

वन्सं, नमस्कार. यांचं पत्र वाचत बसले नाही, जीवाणू ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तुमच्याकडचा स्पंज मागितलाय एवढं ठाऊक आहे. चिमणीचा हिरमोड होऊ नये म्हणून मीही जमेल तेवढा हातभार लावतेच. हे दुकानात गेले की रोज दुपारी यांचा स्पंज भांड्यांच्या साबणाने स्वच्छ धुऊन ठेवते, यांना पत्ताही नाही. तुमचा कसाही असला तरी खुशाल आणा, संकोच करू नका. आल्या आल्या मी उकळत्या पाण्यातून काढीन.